दलदलकाकांची चौथी मोहीम

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये दलदलकाकांना कुणी चेष्टेने विचारलं, "मग, दिसला का तुमचा प्राणी?" की ते न चिडता म्हणायचे, "अजून नाही."

ते सर्व्हेयर होते. बंदराच्या तळाशी गाळ किती साचलाय, हे मोजून जागच्या जागी लिहायचे. वर्षाची रजा मात्र साठवून ठेवायचे काँगोच्या दलदलीसाठी. तिथल्या पाण्यात लांब मानेचा, हत्तीएवढा प्राणी राहतो म्हणतात. त्याला शोधणाऱ्या शास्त्रज्ञांबरोबर हे पाण्याखालचं आवाजाच्या लहरींनी टिपणारं 'सोनार' यंत्र सांभाळायला जायचे. आमचे बाबा त्यांना वेड्यात काढत. मला ते वेड आवडायचं.

तिसऱ्या मोहिमेहून काका अर्धे होऊन आले. कुणाशी बोलेनात. मी तेव्हा नुकती दुबईत नोकरीला लागले होते, त्यांच्याच गाडीतून जायचे. एका सकाळी ट्रॅफिक ठप्प होता. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

पास्काल नावाचा गावकरी तिन्ही वेळा त्यांचा वाटाड्या होता. पावसाने पाणी चढू लागलं तेव्हा तो म्हणाला, आता परत फिरू या. पण सोनारवर काहीतरी मोठं सरकताना दिसलं होतं. काकांनी आठवडाभर थांबायचा हट्ट धरला. ते निघालं वाहत आलेलं झाड. तोवर पास्काल तापाने फणफणला होता. परतीच्या वाटेवर होडीतच तो गेला. गाव तीन दिवस लांब, ऊन तसलं. एका उंचवट्यावर त्याला पुरावं लागलं.

"त्याच्या बायकोने विचारलं, कुठे? पाण्याची सगळी खोली लिहिली होती गं मी, तारीखवार. तीच जागा लिहिली नाही."

मागून हॉर्न वाजत होते. काका गाडी पुढे घेईनात.

पुढच्या वर्षी ते एकटेच गेले. यंत्र नाही, शास्त्रज्ञ नाहीत. परत आले तेव्हा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या छोटीने विचारलं, "अंकल, डिड यू फाइंड इट?" तिला प्राणी म्हणायचा होता. काका म्हणाले, "नो, बेटा," आणि चुकीच्या मजल्यावर उतरले.

निवृत्तीनंतर व्हिसा संपला. काकू आधीच पुण्याला गेल्या होत्या, म्हणून विमानतळावर मीच सोडायला गेले. सामान उतरवून झाल्यावर ते ट्रॉलीला धरून उभे राहिले.

"मृणाल, तीन आठवडे शोधलं. निम्मे उंचवटे बुडालेले, उरलेले सगळे सारखेच. शेवटी एकावरची माती बांधून नेली. पास्कालच्या बायकोला म्हटलं, तिथलीच आहे. तिने ती दाराशी पुरली. मुलांना घेऊन आता तिथेच बसते." मग हळूच म्हणाले, "खरं सांगायला हवं होतं का गं?"

पोलीस गाडी काढायला खुणावत होता. मी म्हटलं, "काका, विमान चुकेल."

ते मान हलवून आत गेले. तीन महिन्यांनी पुण्याहून फोन आला, तो काकूंचा, काका वारल्याचं सांगणारा.