साळवेचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर

शलाकाचा फोन आला तेव्हा मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरत होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. मग फोन खिशात ठेवला, उरलेले चार कप्पे भरले, झाकणं घट्ट लावली, वरून फडक्यानं पुसून घेतलं, हात धुतले आणि मगच बायकोला सांगितलं की दिलीप साळवे गेला... ती मटकन खाली बसली आणि मी तिच्यासाठी पाणी आणायला गेलो. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. चौथीपासूनचा मित्र गेला तर माणसानं काय करायला हवं, हे मला माहीत आहे, दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलंही आहे. माझ्याच्यानं मात्र अजून काही झालेलं नाही. जेवतो, झोपतो, पेपर वाचतो.

लोकांना वेगळंच कुतूहल. भेटायला आलेला माणूस दोन मिनिटं हळहळतो आणि मग खुर्ची जरा पुढं ओढून आवाज उतरवून विचारतो, "त्यांच्याकडं रिव्हॉल्व्हर होतं म्हणे ना?" प्रश्नातला उरलेला भाग डोळ्यांत असतो. पहिल्या दोघा-तिघांना मी नीट उत्तर दिलं, नंतर सरळ उठून आत जाऊ लागलो. इथं एकदा छापूनच टाकतो. साळवे रोजच्यासारखा सकाळी हर्सूल तलावाकडं फिरायला गेला होता. बाकावर बसला आणि बसलेलाच राहिला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रिव्हॉल्व्हर घरी कपाटात कुलपात होतं, रिकामं, तेल लावलेलं, आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात. तो भूकरमापक होता. सगळी नोकरी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. असला माणूस हत्यार आणि काडतूस एका जागी ठेवत नसतो.

पण रिव्हॉल्व्हरबद्दल मला लिहायचंच आहे. कारण ते निवडलं मी.

आमचं दोघांचं गाव एकच, फर्दापूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्या घरी आजोबांची बारा बोअरची बंदूक होती आणि त्या काळी शिकारीला मनाई नव्हती. आजोबा झाडाखाली पथारी टाकून बसायचे आणि डोंगराच्या त्या अंगानं डबे बडवत जनावर उठवायला जी माणसं जायची, त्यांत साळवेचे वडील असायचे. हे मला लहानपणी ठाऊक होतं, पण 'ठाऊक असणं' आणि 'कळणं' यांत फरक आहे. पन्नाशी उलटल्यावर एकदा शेतातल्या मुक्कामाला, भाकरी खाता खाता, साळवे अगदी सहज म्हणाला, "पाटील, तुझ्या आज्याच्या बंदुकीचा बार ऐकू आला की आमची आई अंगणात येऊन उभी राहायची. सगळी माणसं परत आली का, ते मोजायची. मग चूल पेटवायची." त्यानं मला ठेच्याची वाटी पुढं केली आणि विषय बदलला. तो मला जन्मभर 'पाटील' म्हणत आला, आणि त्यात किती माया होती नि किती टोमणा, याचं माप त्यानं मला कधीच दिलं नाही.

थंडीत आम्ही दोघं चार-चार दिवस पायी हिंडायचो. डोंगराच्या कडेकडेनं, गावोगाव, मुक्काम कुणाच्या तरी शेतात. राखीव जंगलात हत्यार न्यायचं नसतं, आम्हीही कधी नेलं नाही. पण शेतात रानडुकरं यायची, एकदोनदा बिबट्यानं गोठ्याशी चक्कर मारलेली. शिवाय हद्दीच्या भांडणांमुळं साळवेला धमक्याही आलेल्या होत्या. दुसरीकडं, पन्नाशीत त्याला शहरातल्या रायफल क्लबची गोडी लागली. क्लबच्या हत्यारावर पंचवीस मीटरला त्याचा नेम असा काही बसला की पोरं थांबून बघायची. हात हलायचाच नाही. आयुष्यभर मोजणीच्या दुर्बिणीतून बघण्यात गेलेला डोळा तो. मग त्यानं ठरवलं की स्वतःचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं. एकच. मुक्कामाला कमरेलाही चालेल आणि स्पर्धेतही चालेल असं. एका हत्याराचा परवाना मिळतानाच चपला झिजतात, दुसऱ्याचं नाव कोण काढणार!

परवाना यायला आठ महिने लागले. तेवढ्या काळात या गृहस्थानं काय केलं असेल? सागवानाच्या तुकड्यांची दोन लाकडी रिव्हॉल्व्हरं तासली. एक आखूड नळीचं, एक लांब नळीचं. आत शिसं ओतून दोन्हींची वजनं खऱ्याइतकी केली. एक आठवडा हे कमरेला, एक आठवडा ते. बसून बघितलं, ओढा उतरून बघितलं, झाडावर चढून बघितलं. घरी भिंतीवर काळा ठिपका काढून हात लांब करून तासन्‌तास उभा. सुमनवहिनी म्हणायच्या, "भाऊजी, ह्यांना समजावा हो काही. शेजारची बाई विचारती, साहेब भिंतीवर कशाला रागावलेत?" शेवटी त्याचा निकाल आला. लांब नळीचं. कमरेला थोडं टोचतं, पण नळी लांब असली की नेमाच्या पुढच्या आणि मागच्या खुणा एकमेकींपासून दूर असतात, डोळ्याची चूक लगेच दिसते, आणि मागची खूण सरकवून बसवता येते. दुकानात एक तसलं जुनं, परदेशी बनावटीचं, कुणीतरी विकायला ठेवलेलंही होतं. त्यानं ते हातात धरून पाहिलं होतं. तोंडानं बोलला नाही, पण मला त्याचा चेहरा दिसला होता.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हे काय बंबाचं नळकांडं घेऊन डोंगरात हिंडणार व्हय? बसशील तिथं मांडीत रुतंल. आखूड घे. सुटसुटीत. कमरेला शोभतं." मला हत्यारातलं काय कळत होतं? आमच्या घरात बंदूक होती, एवढंच. ती भिंतीला लटकलेली असायची, दसऱ्याला तिला हळद-कुंकू लागायचं, आणि पाहुणे आले की तिच्याखाली बसायचे. आमच्यात हत्यार दिसण्यासाठी असतं. त्यानं नेम धरायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतः आयुष्यात धड एक कवठसुद्धा पाडलेलं नाही. तरी दुकानात मी अर्धा तास असा काही बोललो की दुकानदारही गप्प झाला. साळवे दोन्ही रिव्हॉल्व्हरं काचेवर ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. पाटील म्हणतोय तर हे." आणि त्यानं नवं, आखूड नळीचं घेतलं. मला लई अभिमान वाटला होता त्या दिवशी. येताना मीच त्याला नान-खलिया खाऊ घातला.

पुढची नऊ वर्षं तो त्याच्यावर खेळला. मुक्कामाला ते कमरेला असायचं, आणि खरं सांगायचं तर तिथं त्याचा एकदाही उपयोग झाला नाही. डुकरं डबा वाजवला तरी पळायची. क्लबात मात्र दर रविवारी, आणि वर्षातून एकदा निवड स्पर्धेत. दरवेळी पुढच्या फेरीला चार गुण कमी, पाच गुण कमी, एकदा तर दोनच. मी मागं खुर्ची टाकून बसलेला असायचो. तो कानावरची टोपणं काढत यायचा आणि मी काहीतरी बोलायचो. "आज वारा होता रे." पंचवीस मीटरला, तिन्ही बाजूंनी भिंती असलेल्या जागेत! तो मान डोलवायचा, "व्हय, वारा लई होता." निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करावं लागायचं, तेव्हा वहिनी म्हणायच्या, "निघालं का माहेरपणाला?" आणि तो हसायचा. परत आणायला मात्र फारशी घाई करायचा नाही, हे मला आता जाणवतं.

दुसऱ्याच वर्षी मला कळलं होतं. एका स्पर्धेत बाहेरगावचे एक वयस्कर प्रशिक्षक माझ्या शेजारी बसले होते. साळवेचे दहा बार बघून ते म्हणाले, "माणूस अव्वल आहे हो. पण या आखूड नळीवर वाया चाललाय. कुणी गळ्यात मारलं हे त्याच्या?" मी चहा आणतो म्हणून उठलो. त्यानंतर सात वर्षं मी रोज ठरवायचो की सांगू. बदलून घे म्हणू. बदलता येतं, कागदपत्रांची कटकट आहे, पण येतं. दर रविवारी सांगणं पुढच्या रविवारवर जायचं. का? मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ज्याच्या बापानं आमच्यासाठी डबे बडवले, त्याच्या पहिल्या हत्याराची निवडही आम्हीच बिघडवली, हे तोंडानं म्हणायचं कसं?

साळवे गेल्यावर जलदान विधीच्या दिवशी, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पांगल्यावर, शलाका माझ्याजवळ येऊन बसली. ती एकुलती एक. चितेगावच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि बापासारखीच क्लबात जाते. हवेच्या पिस्तुलावर तिचं नाव चांगलं आहे. "काका, बाबांचं हत्यार मी माझ्या नावावर घेणार," ती म्हणाली. "मोठ्या गटात त्याच्यावरच खेळणार. नऊ वर्षं त्यांच्या हातात होतं ते..." मी "बघू" म्हणालो. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही, ते जमा करावं लागतं. ठाण्यात कळवून झालं होतं, आता दुकानात न्यायचं होतं, आणि तिथं सांगायचं होतं की वारसाच्या नावासाठी राखायचं की विकायचं. मला दिसत होतं पुढचं सगळं. ती हट्टी आहे. एकदा नावावर घेतलं की बापाची आठवण म्हणून सोडणार नाही. दहा वर्षं चार-चार गुणांनी मागं राहील, आणि मी मागं खुर्चीत बसून वाऱ्याला शिव्या देईन.

दुकानात जायच्या दिवशी मी गाडी चालवत होतो. तिच्या मांडीवर ती पेटी. क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी समोर बघतच बोललो. "शलाका, हे तुझ्या बाबानं निवडलेलं नाही. त्याला लांब नळीचं हवं होतं. मी हट्ट करून हे घ्यायला लावलं. चुकीचं होतं. दुसऱ्या वर्षापासून मला माहीत आहे. त्याला सांगितलं नाही." सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी कडेला घेतली. आता ती काय म्हणेल... रडेल, ओरडेल, पेटी घेऊन उतरून जाईल. काहीही चाललं असतं मला.

ती पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबांना ठाऊक होतं, काका. पहिल्या महिन्यातच. मी म्हटलं होतं त्यांना, बदलून टाका. ऐकलं नाही त्यांनी."

"मग का नाही बदललं?"

"म्हणाले, पाटलाला आपण चुकलो हे झेपायचं नाय. लाडात वाढलंय ते पोर. त्याला त्याचं कळू दे, स्वतःच्या तोंडानं येऊन सांगू दे. तवर खेळतो मी ह्याच्यावर."

मला हसू आलं. साळवेचाच आवाज होता तो, शब्द न्‌ शब्द. हसता हसता लक्षात आलं की नऊ वर्षं दर रविवारी कानावरची टोपणं काढत तो माझ्याकडं यायचा, उभा राहायचा, आणि मी सांगायची वाट बघायचा. आणि मी त्याला वारा सांगायचो. मी गिअर टाकायला गेलो, तो सापडेना. शलाकानं चावी फिरवून गाडी बंद केली.

दुकानात आता त्या जुन्या दुकानदाराचा मुलगा बसतो. त्यानं आमच्याकडचं ठाण्याचं पत्र वाचलं, पेटी उघडली, रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री केली आणि विचारलं, "राखायचंय का विकायचंय?" शलाका म्हणाली, "विकायचं. आता राखायचं कारण उरलं नाही." त्यानं ते उजेडाकडं धरलं, नळीतून पाहिलं, हातात तोलून पाहिलं. "लई जपलंय हो साहेबांनी. एक ओरखडा नाय. पण एक कळत नाय मॅडम, ते तर स्पर्धा खेळायचे ना? मग ही आखूड नळी कुणाची पसंती?"

शलाकानं माझ्याकडं बघितलं नाही.

"माझी," मी म्हणालो. "चुकलं माझं."

"होतं असं," तो म्हणाला, आणि पावतीपुस्तक पुढं ओढलं.