अडुसष्ट सेंटिमीटरचं कपाट

"जोर नोका लावू कोणी," सिंधूबाई आतून म्हणाल्या. "हाये तसंच धरून ठेवा."

चारही हमाल थांबले. सागवानी कपाट आडवं होऊन बाईंच्या सावली गावातल्या घराच्या दाराशी अडलं होतं. खालचा एक कोपरा चौकटीत रुतला होता. बाई घराच्या आत, आम्ही बाहेर, मध्ये कपाट. बाईंचा आवाज शांत होता. तीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अडलेल्या बाळंतिणी त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की अडलेल्या कपाटाने त्यांना घाम फुटला नाही. मला फुटला. कपाट मी निवडलं होतं आणि मापही मीच घेतलं होतं.

मी तेव्हा चंद्रपूरजवळच्या एका लाकूड डेपोत मोजणीला होतो. जंगलात तोडलेलं लाकूड डेपोत येतं, तिथे त्याचे लॉट लावतात आणि लिलाव होतो. प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि गोलाई मोजून रजिस्टरला लिहायची, हे माझं काम. बावीस वर्षं तेच केल्यामुळे ओळखीपाळखीत असा समज झाला होता, की लाकडाचं काहीही असलं तर मला विचारावं. तो समज मी कधी खोडून काढला नाही, ही माझी पहिली चूक.

सिंधूबाईंना कपाट हवं होतं ते त्यांच्या वह्यांसाठी. दवाखान्याचं रजिस्टर दवाखान्यात राहायचं, पण बाई स्वतःचीही एक वही ठेवत. गावोगावी केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद त्यात होती. तारीख, वेळ, आईचं नाव, गाव, बाळाचं वजन. अशा त्रेचाळीस वह्या. त्या भागात अनेकांच्या जन्माचा दुसरा कागदच नव्हता. शाळेत नाव घालायचं, नोकरीचा अर्ज भरायचा, की लोक बाईंच्या दारी यायचे. मागच्या पावसाळ्यात वाळवीने दोन वह्या खाल्ल्या. लगेच पुढच्या महिन्यात एक पोरगी अंगणवाडीच्या जागेसाठी वयाचा पुरावा मागायला आली. तिचं पान खाल्लेल्या वहीत होतं. बाईंनी तिला चहा पाजला आणि तसंच परत पाठवलं.

"एकेचाळीस राह्यल्या," बाई मला म्हणाल्या. "आता एकीलेही हात लागता कामा नाई. मले जुन्या सागाचं कपाट पाहून द्या, भाऊ. जुन्या सागाले वाळवी लागत नाई म्हणतात."

मी म्हणालो, खरं आहे. माझ्या दोन्ही मुली बाईंच्याच हातावर झालेल्या, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. घराच्या दाराचं माप तेवढं मी मागून घेतलं. बाईंनी लगेच टेप काढून माप घेतलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. चौकटीच्या आतून रुंदी, पासष्ट सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. ते दोन मिलिमीटर पाहून मी मनात हसलो होतो.

चंद्रपुरात हबीबभाई मिस्त्री जुनं फर्निचर घेऊन दुरुस्त करून विकायचे. त्यांच्या गोडाऊनमध्ये तेव्हा तीन कपाटं होती. पहिलं नक्षीदार, वर मोर कोरलेला. हबीबभाईंनी त्याचं एवढं कौतुक केलं की मला संशय आला. जुनं कपाट निवडताना समोरून बघू नये. समोरची बाजू सगळेच नटवतात. मागची फळी बघावी, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ बघावा. या मोरवाल्या कपाटाचा रंग बाहेरून शंभर वर्षांचा आणि ड्रॉवरच्या तळाला या वर्षीचा होता.

"तुमच्यासाठी नाई ते, बाबू," हबीबभाई जराही न लाजता म्हणाले. "ते नागपूरवाल्यांसाठी हाये. त्यांना मोर लागते."

दुसरं काचेचं होतं आणि खरोखर जुनं होतं. पण फळ्यांच्या कडेला फिकट पांढरं लाकूड दिसत होतं. सागाच्या ओंडक्यात मध्ये गडद गाभा असतो आणि सालीलगत पांढरा भाग. वाळवी गाभ्याला तोंड लावत नाही, पांढऱ्या भागाला सोडत नाही. हे सूत्र मी हबीबभाईंना सांगितलं. त्यांना ते लहानपणापासून माहीत होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं.

तिसरं कपाट कोणी फुकट दिलं तरी घेणार नाही असं दिसत होतं. काळपट, ठोकळ्यासारखं, नक्षी नाही. कुठल्यातरी जुन्या रेस्ट हाऊसमधलं असावं. मी मागून बघितलं. सगळ्या फळ्या गाभ्याच्या. एकही खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून बांबूच्या खुंट्या मारलेल्या. बिजागऱ्या पितळी. मागच्या एका फळीच्या टोकाला, डेपोत लाकडावर हातोड्याने ठोकतात तसला पुसट शिक्का होता. तो पाहून मला नातेवाईक भेटल्यासारखं झालं. मी टेप काढली, कपाट मोजलं आणि वहीत लिहिलं. उंची एकशे ऐंशी, रुंदी एकशे दहा, खोली साठ.

"दारातून जाईल ना, बाबू?" हबीबभाईंनी विचारलं.

"पाच सेंटिमीटर जागा उरते," मी म्हणालो. डेपोच्या मोजणीवाल्याला उलट कोण विचारणार? त्यांनी मेटॅडोर बोलावला.

आता दाराशी कपाट अडल्यावर सोबत आलेल्या हबीबभाईंनी स्वतःची टेप लावली. खोली अडुसष्ट. त्यांनी टेप माझ्या नाकासमोर धरली.

काय झालं होतं ते मला तेव्हाच कळलं. आमच्या डेपोत लांबी मोजायची एक रीत होती. दहाच्या पटीवर जे सुटे सेंटिमीटर उरतील ते सोडून द्यायचे. ओंडक्याची टोकं फाटलेली, चेचलेली असतात. त्याचा भुर्दंड घेणाऱ्याला नको, म्हणून. टेपवर तीनशे अठ्ठावीस दिसलं तरी हात तीनशे वीस लिहितो. बावीस वर्षांत माझा हात डोळ्यांना विचारेनासा झाला होता. कपाटाचे आठ सेंटिमीटर मी ओंडक्याचे समजून सोडून दिले होते.

हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकलं.

"भाऊ," त्या कपाटाच्या पलीकडून म्हणाल्या, "तुमची मोठी दोन किलो आठशेची झाली होती. मी वरचे आठशे सोडून देले असते तं?"

हमाल हसले. हबीबभाईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

मागचं दार साठचं. कपाटाचे पल्ले काढून खोली कमी होणार नव्हती, ते आत बसवलेले होते. खुंट्या काढून कपाट सुटं करावं, तर हबीबभाई म्हणाले, एवढं जुनं लाकूड खोललं तर पुन्हा तसं जुळायचं नाही. परत न्यावं, असं मी हळूच म्हणालो. बाई खाली वाकून चौकटीकडे बघत होत्या.

"हे इथी दबलं काऊन?"

मी कपाटाखालून हात घालून पाहिलं. कपाटाचा कोपरा चौकटीत बोटभर आत गेला होता. हमालांच्या एका धक्क्याने एवढं व्हायला नको. लाकूड लाकडावर आपटलं तर ओरखडा येतो, खड्डा पडत नाही. मी बोटाच्या पेराने चौकट ठोकली. पत्र्याचा रिकामा डबा ठोकल्यासारखा आवाज आला. खिशातला चाकू लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

बाई दर दिवाळीला चौकटीला हिरवा ऑइलपेंट लावत. तो रंग तेवढा शाबूत होता. आत लाकूड नव्हतंच; माती होती आणि वाळवी. चौकटीला लागूनच, आतल्या बाजूला, वह्यांचा रॅक होता. नवं कपाटही तिथेच यायचं होतं.

मग मला जे उमगलं ते मी बाईंना सांगितलं. वाळवी सागाचा गाभा खात नाही, हे खरं. पण ती त्याच्यावरून मातीची वाट बांधून चालत जाते. तिला कपाटाचं लाकूड नको होतं, आतला कागद हवा होता. कपाट पाच सेंटिमीटर जागा ठेवून सुखरूप आत गेलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात त्याला काही झालं नसतं. वह्या मात्र गेल्या असत्या.

"म्हंजे बरोबर मोजलं असतं तं माह्या वह्या गेल्या असत्या," बाई म्हणाल्या.

"बरोबर मोजलं असतं तर हे कपाट घेतलंच नसतं," मी म्हणालो.

"तरी गेल्याच असत्या."

मी चाकू पुसून खिशात ठेवला.

हबीबभाईंनी अर्ध्या तासात चौकट काढली. काढली म्हणजे, जवळजवळ झाडूनच काढली. कपाट आत गेलं. नंतर जमीन खणून औषध टाकलं, वाळवीचं घर उकरून काढलं. दाराला लोखंडी चौकट बसवली, पंचाहत्तरची. कपाट भिंतीपासून हातभर दूर ठेवलं आणि चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. हे सगळं बाईंच्या देखरेखीखाली झालं. मला टेपला हात लावू दिला नाही.

शेवटी बाईंनी चालू वही काढली आणि चष्मा लावून लिहिलं. सागवानी कपाट. उंची १८४, रुंदी ११३, खोली ६८. अडलं होतं. चौकट काढावी लागली. दोघंही ठीक.

"दोघं कोण?" मी विचारलं.

"कपाट अन् घर," त्या म्हणाल्या, आणि वही सहीसाठी माझ्यापुढे सरकवली.

आजही कोणी जुनं कपाट निवडून द्या म्हणालं, तर मी जातो. आधी त्यांच्या घराची चौकट ठोकून बघतो. मग कपाट मागून बघतो. मोजायचं काम मात्र घरातल्या बाईला सांगतो.