नवऱ्याच्या सहीची रेघ

माझ्या टेबलाच्या खणात एक लाकडी पट्टी आहे. तिच्या कडेला निळ्या शाईचा डाग बसलाय, तो आता काही जाणार नाही. सहा महिन्यांनी मी निवृत्त होईन. तेव्हा खण रिकामा करताना ही पट्टी कुणाला द्यायची की चुलीत घालायची, हे अजून ठरलेलं नाही. डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, मधली बदलीची वर्षं सोडली तर, माझी सगळी नोकरी गेली. त्यात या पट्टीने किती रेघा ओढल्या ते मी मोजलेलं नाही, आणि आता मोजायची ताकदही नाही.

ती रेघ कसली, ते आधी सांगते. गर्भपातासाठी बाई आली की तिची संमती एका छापील कागदावर घ्यायची असते. नाव, वय, पत्ता आणि खाली बाईची सही किंवा अंगठा. त्याखाली चार बोटं जागा रिकामी राहते. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या सिस्टरांनी खणातून ही पट्टी काढून दिली आणि त्या रिकाम्या जागेत सरळ रेघ कशी ओढायची ते दाखवलं. रेघेखाली हाताने लिहायचं, ‘पतीची सही’. सिस्टर पेडण्याच्या. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. मला म्हणाल्या, "बाय गो, घोवाची सही घेतल्याबगर कोणाक भितर घेवं नाका. फाल्यां तो दारात येवन झगडटलो, तेन्ना दोतोर आपले खोलयेंत आनी आमी भायर." नवरा भांडायला आला की डॉक्टर आत असतात आणि शिव्या आपण खातो, हे त्या अनुभवाने सांगत होत्या. एकाने तर त्यांची वेणी धरून ओढली होती. मी चोवीस वर्षांची होते. वरचे सांगतील तो नियम, असं मानायचं ते वय. मी मानलं.

पुढे कधीतरी छापील कागद संपले आणि नवे येईनात. मग शिपाई बाजारातून झेरॉक्स काढून आणायला लागला. त्याच्या हातात दिलेल्या नमुन्यावर रेघ आधीच ओढलेली होती, त्यामुळे ती कागदातच आली. माझ्यानंतर लागलेल्या मुलींना ती सरकारनेच छापली असं वाटायचं. खरं सांगायचं तर पाचसात वर्षांनी मलाही तसंच वाटायला लागलं, आणि पट्टी खणात पडून राहिली.

या लिखाणात कुणाचंच नाव घेणार नाही. अशा बाईचं नाव बाहेर सांगायचं नाही, असा कायदाच आहे. आयुष्यभर इतकं काही चुकीचं पाळलं, निदान हे तरी नीट पाळावं.

अठराएक वर्षांपूर्वी कारापूरहून एक बाई आली. मूळची सावंतवाडीकडची. नवरा आधी खाणीच्या ट्रकावर होता, मग वास्कोला बंदरात लागला आणि पंधरा पंधरा दिवस तिकडेच राहायला लागला. ही दोन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत राहायची आणि काजूच्या कारखान्यात जायची. बिया फोडून फोडून तिची बोटं काळी पडली होती. थोरली मुलगी सहा वर्षांची, आईचा पदर धरून माझ्याकडे टक लावून बघत होती. बाईला दहावा आठवडा संपत आलेला. आमच्याकडे बारा आठवड्यांपर्यंतच व्हायचं. त्यापुढे गेलं की बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, आणि तिथवर जाणं सगळ्याच बायकांना जमत नसे. म्हणजे तिच्या हातात दोन आठवडेच होते.

तिने सही केली. छान, गोल अक्षरात केली. मी खालच्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं आणि नवरा कुठे आहे म्हणून विचारलं. "वास्कोक," ती म्हणाली. मग सही घेऊन ये, मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला तेव्हा मी उठून माठातलं ग्लासभर पाणी तिला दिलं. आपण फार चांगल्या वागतोय असं मला तेव्हा वाटलं होतं.

कारापूरहून साखळी, साखळीहून पणजी, पणजीहून वास्को. कारखान्याचा खाडा करून, मुलींना शेजारणीकडे ठेवून ती गेली. नवरा बार्जवर, म्हणजे मालाच्या बोटीवर, गेलाय, चार दिवसांनी येईल, असं कळलं आणि ती तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग पुन्हा जा. सहज म्हटलं. बाईसमोर एक कागद होता, त्यावर तिची स्वतःची सही होती, ती शुद्धीवर होती, दोन लेकरांची आई होती, आणि मी तिला म्हणत होते की पुन्हा जा.

दुसऱ्या खेपेला तो भेटला. बारावा आठवडा भरायला दोन दिवस असताना ती कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून घेऊन आली. रेघेवर सही होती. माझा जीव भांड्यात पडला. सगळं वेळेत आणि नीट पार पडलं. जाताना ती म्हणाली, "सही केल्यान, पण खोली सोडूक सांगल्यान. कारखानो सोड, आवशीकडे रव, म्हणालो." म्हणजे कामाला रामराम करून गावी सासूपाशी जाऊन राहायचं, या अटीवर त्याने सही दिली होती. मी म्हटलं, बरं झालं, मुलींना आजी मिळेल. हे वाक्य मी बोलले आहे, त्याला साक्षीदार नाही, पण मी ते विसरलेले नाही.

तेव्हापासून दर मे महिन्यात ती मला सोलां पाठवायची. कधी कुणाबरोबर, कधी डिचोलीच्या बाजाराला आली की स्वतः. आमसुलं सावंतवाडीकडची चांगली, काळीभोर आणि खारवलेली. "तुमी होतात म्हणून झाला," म्हणायची. मी घ्यायची. वर्षभर घरात सोलकढी त्यांचीच व्हायची.

तीनेक वर्षांपूर्वी, कायद्यात नवी दुरुस्ती झाल्यानंतर, पणजीला आम्हा परिचारिकांचं एका दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. बाहेरून आलेली एक तरुण डॉक्टर शिकवायला होती, पायात कॅनव्हासचे बूट, हातात सारखी पाण्याची बाटली. सकाळी चहा आणि बन खाऊन आम्ही सुस्तावलो होतो. तिने पडद्यावर जगाचा नकाशा लावला आणि कुठल्या देशात काय कायदा आहे ते सांगायला लागली. पोर्तुगालात म्हणे लोकांची मतं घेतली आणि मग बायकांना मोकळीक मिळाली. त्यांचं राज्य आमच्यावर होतं तेव्हा इथेही बंदीच होती, आणि बायका गावात पोट पाडायची मुळी कोण देतं ते शोधत जायच्या, त्यातल्या काही परत यायच्या नाहीत. हे मला थोरल्या सिस्टरांनी सांगितलं होतं. अमेरिकेत जवळजवळ पन्नास वर्षं असलेला हक्क कोर्टाने काढून घेतला. कुठे मिळतं, कुठे जातं, ऐकून ऐकून थकायला झालं. सगळ्या जगातल्या बायका कुणाच्या ना कुणाच्या दारात कागद धरून उभ्या आहेत, असं काहीतरी वाटत होतं.

मग तिने एक यादी लावली. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची संमती आणावी लागते असे देश. जपान होता, तुर्कस्तान होता, आणखी काही होते. मी वरून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली. मला त्या मुलीची दया आली. एवढी शिकलेली, आणि आपलाच देश विसरली. तिचा अपमान होऊ नये म्हणून मी हळूच हात वर केला आणि म्हटलं, "मॅडम, यादीत भारत राहिलाय."

आजूबाजूच्या बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. डॉक्टरला मी थट्टा करतेय असं वाटलं, ती हसली. मग तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "सिस्टर, भारत या यादीत कधीच नव्हता. एकाहत्तर सालच्या पहिल्या कायद्यापासून सज्ञान बाईची एकटीची सही पुरते."

"पण फॉर्मवर रेघ आहे," मी म्हटलं.

तिने सरकारी फॉर्म पडद्यावर लावला. बाईच्या सहीखाली चार बोटं जागा, कोरी. "कुठली रेघ?" तिने विचारलं. जेवणाच्या सुट्टीत शेजारची एक परिचारिका भाजीत पाव बुडवत मला म्हणाली, "आमच्याकडे तर सासूचीपण घेतात."

मला लाज वाटली. रागही आला. आधी त्या बुटवाल्या पोरीचा, मग थोरल्या सिस्टरांचा, ज्या केव्हाच वारल्या, आणि बसमध्ये बसल्यावर माझा स्वतःचा. यादीत भारत घालायचं काही कारण नव्हतं, फक्त आमचा दवाखाना घालायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सचा गठ्ठा फाडून टाकला. आमचे डॉक्टर म्हणाले, कायदा ठीक आहे, पण सही घेऊन ठेवलेली बरी. मी म्हटलं, मग दारात तुम्ही बसा. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण बायका सही घेऊनच यायच्या. बहिणीने सांगितलं, जावेने सांगितलं, शेजारणीने सांगितलं. प्रत्येकीला मी सांगायची की लागत नाही, आणि प्रत्येकीच्या तोंडावर दिसायचं की हिला काही माहीत नाही. रोज तेच सांगून माझ्या नाकी नऊ आले.

कारापूरच्या त्या बाईला सांगायला हवं, हे मला बसमध्येच कळलं होतं. पण मे आला, तिची सोलां आली, मी घेतली आणि गप्प बसले. पुढचा मे आला, तेव्हाही गप्प बसले.

गेल्या महिन्यात ती थोरल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. पदर धरून उभी राहणारी तीच. आता चोवीस वर्षांची, पेडण्याकडे दिलेली, दीड वर्षाचं मूल, आणि मोपाच्या विमानतळावर नोकरी. चालता न येणाऱ्या प्रवाशांना खुर्चीतून न्यायचं काम. नववा आठवडा होता. आईने सोलांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी वहीचा एक फाडलेला कागद. "सिस्टर, सही आधीच हाडलंय. तुमका मागूकच लागूची नाय. ह्या खेपेक एक दीस फुकट घालवलंय नाय."

कागदावर लिहिलं होतं, माझी हरकत नाही. खाली जावयाची सही.

मी मुलीला विचारलं, सहज दिली का त्याने. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तो वायट नाय. फक्त ड्युटी सोड म्हणालो. सोमवारी राजीनामो दिलंय." त्या दिवशी बुधवार होता.

"ही सही लागत नाही," मी म्हटलं.

मुलीने मान वर केली. "कधीपासून?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. नवीन कायदा आलाय, आता लागत नाही. कायदा खरंच नवीन आला होता, कुणी मला खोटं ठरवलं नसतं, आणि सहा महिन्यांनी मी घरी गेले असते. पण ती मुलगी सहाव्या वर्षी बघत होती तशीच माझ्याकडे बघत होती.

"कधीच लागत नव्हती," मी म्हटलं.

आईने विचारलं, "माज्या येळाक?"

"तेव्हाही नाही."

"मगे मागलात कित्याक?"

वेणी ओढली गेल्याची गोष्ट, पट्टी, झेरॉक्स, सगळं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मला वाटलं लागते." एवढंच खरं होतं. तिने हात पुढे घेतले आणि बोटांकडे बघितलं. काजूचा काळा रंग केव्हाच गेला होता. "सासू मरासर थंय रवलंय," ती म्हणाली. सासू मरेपर्यंतची ती वर्षं ती मला नाही, स्वतःलाच सांगत होती.

मुलगी बाहेर जाऊन फोन करून आली. सोमवारीच तिच्या जागी दुसरी घेतली होती. पुढे जागा झाली तर बघू, असं सुपरवायझर म्हणाला होता. ती खुर्चीवर बसली, पेन मागितलं आणि फॉर्मवर सही केली. आईसारखंच गोल अक्षर. खाली चार बोटं जागा कोरी राहिली. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, परत कधी यायचं ते मी तिला दोनदा समजावून सांगितलं. ती निघाली.

आईने जावयाच्या सहीचा कागद घडी घालून कनवटीला लावला. दारापर्यंत गेली, थांबली, मागे आली. टेबलावरची सोलांची पिशवी उचलली आणि लेकीच्या मागोमाग गेली. बरं केलंस, असं मला म्हणावंसं वाटलं. पण तेवढं म्हणायचाही हक्क मला नव्हता.