दोन नावांचं एकच औषध

ताप उतरेना म्हणून भारतातून आणलेल्या सिरपवर लगेच इथलं, अमेरिकेतलं औषधही पाजता का?

चँडलरमधल्या आमच्या शेजारच्या काकू आजारी मुलाच्या घरी आल्या की आधी जाड पांघरूण काढतात, घोट घोट पाणी पाजतात आणि मग सगळ्या बाटल्या मागतात. आवाज कधी चढवत नाहीत. परवा माझा मित्र लेकीला इथलं औषध पाजणार, तेवढ्यात काकूंनी त्याचा हात धरला.

“आत्ताच पॅरासिटामॉल दिलंस ना? हे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे तेच. डबल डोस पोरीच्या लिव्हरवर येईल.”

“काकू, मला वाटलं हे जास्त स्ट्राँग असेल.”

“ऑफिसात कोडची ओळ न् ओळ रिव्ह्यू करतोस, मग लेबल कोण वाचणार?”

मूल बरं आहे तोवर, आजच, घरातल्या प्रत्येक बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा.