भागीनं शिकवलेलं उत्तर

शेणव्याजवळच्या वाडीत भागीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बाजारात भेंडी विकताना ती गिऱ्हाइकाच्या सासूपर्यंत पोचायची. अशा बाईला घाबरवायला अखेर तिचाच जावई लागला, आणि तोही सुधारलेला.

भागीच्या लेकीचं, रुपालीचं, नवऱ्याशी फाटलं तेव्हा चिमी रांगत होती. कोर्टानं पोर आईकडं ठेवली, बापाला भेटीचे शनिवार दिले. रुपाली भिवंडीच्या गोदामात कामाला लागली, रविवारची येई. चिमी आजीपाशी वाढली. वाडीत ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. निम्म्या घरांत पोरं आज्यांच्याच पदराला. शनिवारी अनिल धसईहून झोकांड्या खात यायचा, अंगणात उभा राहून शिव्या द्यायचा. भागी त्याच्या दुप्पट द्यायची. चिमी ओटीवरून टाळ्या वाजवायची.

मग अनिलनं दारू सोडली आणि पोर आपल्याला मिळावी म्हणून अर्ज केला.

आता तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. "आई, बऱ्या आहात ना?" विचारायचा. चहाचा कप स्वतः विसळायचा आणि विसळता विसळता घरभर नजर फिरवायचा: चूल, फळी, चिमीची गोधडी. शिव्या देणारा अनिल भागीला परवडत होता.

त्यात वाडीची एक खोड. चिमीला दिसेल तो विचारी, "कोनाची गो तू?" पोर झटकन म्हणे, "तुमची!" की मिळालंच हातावर बोर नाहीतर गोळी. भागीला ह्या हुशारीचं कोण कौतुक! एका शनिवारी अनिलनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तेच विचारलं.

"तुमची!"

"मंग माज्याकडं रवशील?"

"हां!"

अनिलनं मोबाइल खिशात टाकला. कधी नव्हे तो हसला.

"आई, जजबाई चिमीला आत बोलवनार हायेत," तारखेच्या आधी रुपाली म्हणाली. "एकटीलाच."

भागीनं पदर खोचला. खेळ बंद! "माज्या नातीला परत कोनी इचारला, त त्याच्या तोंडात राख भरीन," असा वाडीला दम भरला. पोरीला चुलीपाशी बसवून नवं उत्तर घोटून घेतलं. "कोनी बी इचारू दे. सांगायचा, मी आजीची. आई नाय, बाप नाय. आजीची!"

शेजारच्या बाईजानं हटकलं, "भागे, भांडान आई-बापाचा ना गो? तू कशी मधी घुसलीस?"

"तू तुज्या कोंबड्या राख," भागी म्हणाली. पण थापता थापता भाकरी तिच्या हातातच फाटली.

कोर्टात चिमी नवी रिबीन लावून आत गेली. दार लागलं. भागी बाकावर बसली, उठली, परत बसली. दार उघडलं तेव्हा चिमीच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"सगला सांगला, आजी! बाई म्हनली, आई कवा येते? मी सांगला, रईवारची. निजवते कोन? आजी. ताप आला त? आजी. कोनाची तू? आजीची!"

भागीनं तिथंच तिच्यावरून बोटं मोडली आणि अनिलकडं असं बघितलं, जशी शर्यतच जिंकली. रुपालीच्या तोंडचं पाणी मात्र पळालं होतं.

दुपारी हुकूम झाला. रुपालीच्या वकीलबाईंनी बाहेर येऊन समजावला: पोर आईकडं राहतच नाही, हे पोरीनंच सांगितलं. बापाच्या घरी माणसं आहेत, शाळा जवळ आहे. म्हणून सुट्टी लागली की चिमी धसईला, पुढचा निकाल लागेपर्यंत. रुपालीला भेटीला दर शनिवार-रविवार.

"बरा," भागी म्हणाली. "आन माजे वार कंचे?"

"मावशी, ह्या अर्जात तुम्ही कुठंच नाही."

अनिल जवळ आला. आवाज अगदी मऊ होता.

"आई, ती काय काय खाते, ते जरा सांगून ठेवा."

बाजार दणाणून सोडणाऱ्या भागीनं चिमीची रिबीन सारखी केली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "भाकरीचा पापुद्रा काढून द्याचा. खालची जाड बाजू नाय खात ती."