गोळ्यांचा खाडा

आशालता पनवेलच्या एका सरकारी कचेरीत कारकून. बी.एस्सी. झालेली, नवरा गेल्यावरही कुणापुढे पदर न पसरलेली. तिचा आवाज चढलेला कचेरीत कुणी ऐकला नव्हता. मुलाच्या, स्वानंदच्या, आजारात तर तिनं सगळंच गिळलं: त्याला ऐकू येणारे आवाज, शेजारणींची कुजबूज, जुन्या औषधांनी त्याचं झालेलं लाकूड. मान ताठ, हात थरथरते, आवाज मात्र होते तिथेच. दोन औषधं हरल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केलं. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून आठवड्याच्या आठवड्याला रक्त तपासायचं. तिनं एकही आठवडा चुकवला नाही. आणि एक दिवस स्वानंद आपणहून दाढी करून जेवायला बसला. म्हणाला, "आई, आमटी खारट झालीय." तिनं त्या खारट आमटीच्या दोन वाट्या संपवल्या.

पोरगा माणसात आला म्हटल्यावर धाकटे दीर चारुदत्त चिरनेरचं स्थळ घेऊन आले.

"आधी मुलीकडच्यांना आजार सांगायचा, भाऊजी."

"सांगू की, सवडीनं."

मग आईच्या दुखण्यापायी तिला चार दिवस चिपळूणला जावं लागलं. स्वानंदच्या सोबतीला भाऊजी राहिले. ती परतली तेव्हा बादली भरून वाहत होती आणि स्वानंद नळाशी कुणाशी तरी भांडत होता. तिनं फळीवर पाहिलं. गोळ्या तशाच.

"गोळ्यांनी पेंगुळलेला दिसला असता हो," भाऊजी म्हणाले. "रविवारी मुलगी बघायला जायचंय. एकदा बघणं उरकलं की द्या पुन्हा."

"तशी देता येत नाही. खाडा पडला की पहिल्यापासून, इवल्याशा डोसनं चढवत न्यायची. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात."

"चार दिवसांनी काय होतंय, वहिनी?"

"तुमची ब्लडप्रेशरची गोळी तीर्थासारखी घेता. ती ठेवाल बंद, देखणं दिसायला?"

भाऊजींनी पेपर उचलला.

तिनं आधी डॉक्टरांना फोन लावला. मग चिरनेरला. मुलीच्या वडिलांना आजाराचं नाव सांगितलं, औषधाचं सांगितलं, काही वगळलं नाही.

त्यांनी आजाराचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग, "पण आता बरा हाय ना?"

"होता. गेल्या आठवड्यापर्यंत चांगला होता. आता का नाही, ते माझे दीर सांगतील."

तिनं रिसीव्हर पुढे केला. भाऊजी भिंतीला टेकले, मान हलवू लागले. तिनं हात खाली घेतला नाही.