टेपवरचा लाल दोरा

परवा ब्लाउजचं माप घ्यायला सुनेने माझा जुना टेप काढला. "आई, यावर हा लाल दोरा काहून शिवला?" तिने विचारलं.

परतवाड्याजवळच्या एका गावात मी नर्स होते, तेव्हाचा तो दोरा. नवजात बाळाच्या छातीभोवती टेप फिरवायचा. दोऱ्याच्या आतच टोक मिळालं, तर बाळ कमी वजनाचं समजायचं. वजनकाटा होता, पण एका घरी आजीने तो उंबऱ्यावरच अडवला.

"लेकरू का कापूस हाय तोलाले? नजर लागते."

मी खोटं बोलले. "तोलत नाही आजी, झबल्याचं माप घेते."

आजीने दुपटं उघडलं. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. टेपखाली बाळाचा श्वास भरभर चालला होता. टोक दोऱ्याच्या बरंच आत मिळालं. बाळाला उबेसाठी आईच्या उघड्या छातीशी बांधलं आणि दोघांना जीपने परतवाड्याच्या दवाखान्यात पाठवलं.

काही आठवड्यांनी मायलेकरं परतली. मी भेटायला गेले, तर आजी दारातच म्हणाली, "माप घेतलं होतं नं बाई? मंग झबलं कुठी हाय?"

मी ओशाळले. घरी येऊन वहीतल्या त्याच मापाचं झबलं शिवलं. दुसऱ्या दिवशी बाळाला घालून पाहिलं, तर छातीवर बंद काही केल्या जुळेनात.

"तुमाले मापच घेता येत नाही," आजी फणकारली.

"चुकलंच माझं," मी म्हणाले, आणि ते घट्ट होणारं झबलं पुन्हा पुन्हा ओढून पाहत राहिले.